गोगलगायीची वाट

३ फेब्रुवारी

रसायनवाल्यानं आज अखेर बाटली दिली. मागितली होती मागच्या वर्षी, आणि हा बसतो आमच्याच इमारतीत, एक मजला वर. बाटली कसली, बोटाएवढी कुपी, तळाशी चिमूटभर पिवळट भुकटी. डाळिंबाच्या सालीतून काढून शुद्ध केलेलं एक द्रव्य आहे ते. ते घातल्यावर कॅन्सरच्या पेशींची वाढ थांबते का, हे प्लास्टिकच्या भांड्यात बघायचं, एवढंच माझं काम. माणसाला त्याचा काही उपयोग आहे की नाही, हा फार लांबचा प्रश्न. भांड्यातल्या पेशी काय, साबणाच्या पाण्यानंही मरतात.

नोव्हेंबरअखेर मी निवृत्त होणार, म्हणजे हे माझं शेवटचं काम. म्हणून पुन्हा दैनंदिनी काढली. घरी ऐकायला कुणी नाही आणि प्रयोगशाळेत सगळ्यांना माझं ऐकून ऐकून कंटाळा आलाय.

पेशी दोन जातींच्या वापरायच्या ठरल्यात. एक शेजाऱ्याच्या. शेजारी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर उभं आयुष्य काढलेला गृहस्थ. त्याला मी कधी नावानं हाक मारल्याचं आठवत नाही, तो मला बाई म्हणतो. त्याच्या पेशी बाहेरून आणलेल्या, कुणा परक्या बाईच्या गाठीतल्या, सगळीकडे वापरतात तशा. इतक्या झपाट्यानं वाढतात की त्यांना तो घोडा म्हणतो. दुसरी जात माझी. पेशी वाढतात त्या फ्लास्कवर नुसतं 'गो' लिहिलेलं असतं. गो म्हणजे गोगलगाय, आणि गोगलगाय म्हणजे माझी ताई.

तिच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी सर्जननी काढलेल्या गाठीतला एक तुकडा मला दिला होता. मी तेव्हा इथे नवी होते. ताईला आधी विचारलं, तर पलंगावरून म्हणाली, "ने की. तुझ्याकडे वेळेवर जेवण तरी मिळेल." त्या तुकड्यातून पेशी वाढवल्या. ताई त्याच वर्षी गेली. पेशी राहिल्या.

९ फेब्रुवारी

भुकटी विरघळेना. हटूनच बसली. रसायनवाल्याला विचारलं तर म्हणाला, "थोडं कोमट करा आणि घाई करू नका." मला घाई करू नका म्हणणाऱ्यांची माझ्या आयुष्यात कधी टंचाई पडली नाही. शेवटी विरघळली. तेव्हा त्या द्रावणाला सालीच्या आतल्या बाजूचा फिका पिवळा रंग आला आणि मी पिपेट हातात धरून तशीच उभी राहिले.

लहानपणी वडील डाळिंब आणायचे ते एकच, दोघींत मिळून. आई मधोमध फोडायची. माझं अर्धं बोलता बोलता संपायचं. ताई मात्र एकेक दाणा सुटा करून बशीत ओळीनं मांडायची. पापुद्रा वेचून टाकायची. सगळी मांडामांड झाल्यावर मग खायला सुरुवात. तोवर मी समोर बसून बशीवर डोळा ठेवून असायचे. मग ती अर्धी ओळ माझ्याकडे सरकवायची. इतकी व्यवस्थित अर्धी, की आधीपासून तसाच हिशेब धरून मांडलेली असावी.

गोगलगाय हे नाव वडिलांनी ठेवलेलं. ताईला त्याचा राग यायचा नाही. राग यायलाही तिला वेळ लागायचा.

शाळेच्या वेळेला तर रोजचा तमाशा. मी दप्तर लावून फाटकाशी उभी, आणि ही आत एका वेणीची रिबन सोडून पुन्हा बांधतेय. "मी चालले गं!" म्हणून मी ओरडायचे, तरातरा कोपऱ्यापर्यंत जायचे आणि तिथे थांबायचे. तिच्याशिवाय कोपऱ्याच्या पुढे मी कधी गेले नाही. हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच ती घाई करत नसणार.

गंमत अशी, की भांड्यातली ताई मात्र चपळ निघाली. सुरुवातीला रडतखडत वाढत होती, पण नंतर जो वेग धरला तो आजतागायत. शेजारी म्हणतो, तुमची गोगलगाय माझ्या घोड्याच्या बरोबरीनं पळते. मी म्हणते, जन्मभर रेंगाळली, आता भरून काढतेय.

२२ फेब्रुवारी

घोड्यावर पहिली चाचणी झाली. छोट्या छोट्या खळग्यांची प्लेट असते, प्रत्येक खळग्यात सारख्याच पेशी. एका ओळीत भुकटी विरघळवायचा नुसता द्रावक, भुकटीशिवाय, म्हणजे मरायचं तर भुकटीनं मरा, द्रावकानं नको. पुढच्या ओळींत भुकटी वाढवत न्यायची. आज मोजलं. जास्त मात्रेच्या ओळींत वाढ अगदी मंदावलेली.

"माझा घोडा मारलात की हो बाई," शेजारी म्हणाला.

"मेला नाही अजून. बसलाय."

"तेच ते. बसलेला घोडा कुणी शर्यतीत घेत नाही."

सोमवारी गोगलगाय.

२५ मार्च

सोमवार आले आणि गेले. एकदा खाद्यच संपलं. खाद्य म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते गुलाबी पाणी. एकदा पेशी उबेत ठेवतो त्या इनक्युबेटरचं दार कुणीतरी नीट लावलं नव्हतं, मग त्या प्लेटवर विश्वास कसा ठेवायचा? एकदा सगळं झालं, पण एका खळग्यात बुडबुडा दिसला म्हणून प्लेटच टाकून दिली. गेल्या आठवड्यात मात्र लावली शेवटी, आणि परिणाम शून्य.

शेजाऱ्यानं मात्रा बघितली आणि चष्मा कपाळावर चढवला. "बाई, एवढ्याशा भुकटीनं मुंगीला शिंकसुद्धा यायची नाही. घोड्याला याच्या दहापट घातली होतीत."

खरंच की. एक शून्य चुकलं होतं. इतक्या वर्षांत असलं माझ्या हातून झालेलं नाही. दमलेय मी, दुसरं काही नाही. निवृत्तीला आलेली बाई आहे, हात चुकायचाच.

२ एप्रिल

ताईचा वाढदिवस. भाऊजी आले.

दरवर्षी येतात. ताई गेली त्याच्या पुढच्या वर्षी मीच त्यांना म्हणाले होते, या, बघून जा, अजून आहे ती. तेव्हापासून एकही वर्ष चुकलं नाही. बस डेपोत वेळापत्रकं लावण्यात सगळी नोकरी काढलेला माणूस तो, चुकणार कसा? अशा माणसाची बायको ताई. लग्नाच्या दिवशी ती इतकी उशिरा तयार झाली, की भाऊजी म्हणाले होते, "ही बस सुटणार नाही, मी थांबवून धरलीये." अजूनही ते वाक्य आठवलं की मला हसू येतं आणि मग काही वेळ दुसरं काम सुचत नाही.

सकाळीच मी मायक्रोस्कोपपुढची खुर्ची स्पिरिटनं पुसली, भरगच्च वाढलेला एक फ्लास्क निवडून ठेवला. भाऊजींनी कोट काढून गुडघ्यावर घडी केला, चष्मा काढला, आणि वाकून बघत बसले.

"बरीच गर्दी आहे गं, धाकटे."

"छान वाढतायत म्हणून! जागा पुरत नाही."

"ती बाजारात गेली की गर्दी ओसरेपर्यंत कडेला उभी राहायची. घरी यायला अंधार."

"हो ना! इथे बघा कशी घुसलीये."

त्यांनी चष्मा लावला आणि मायक्रोस्कोपकडे नाही, माझ्याकडेच बघितलं थोडा वेळ. "ठीक आहे," म्हणाले, "बरं चाललंय." मग चहा झाला. गुडघ्यांबद्दल, डेपोतल्या नव्या लोकांबद्दल बोलणं झालं. जाताना दरवर्षीसारखं म्हणाले, "तू काळजी घे."

एकटा माणूस. वर्षातला हा एक दिवस तरी त्यांना बरा जातो. निवृत्तीनंतर त्यांच्यासाठी ही सोय कशी चालू ठेवायची, शेजाऱ्याशी बोलायला हवं.

१८ एप्रिल

लावली. पूर्ण मात्रेनं.

आज मोजलं. द्रव्य चाललं. घोड्यावर जसं चाललं तसंच. आलेखावर दोन्ही रेघा काढल्या तर एकीवर दुसरी अशी बसली, की वेगळी दाखवायला तुटक रेघ काढावी लागली. "बघा," मी म्हटलं, "अगदी घोड्याच्या पावलावर पाऊल!" शेजारी एरवी काहीतरी बोलला असता. आज आलेख हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला, "हं" म्हणाला आणि आपल्या टेबलाकडे गेला. त्याचं ब्लडप्रेशर पुन्हा वाढलं असावं.

इतका स्वच्छ निकाल माझ्या नोकरीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच मिळाला असेल. मला आनंद व्हायला हवा होता. पेशी गोल होऊन तळापासून सुटल्या होत्या, पाण्यात तरंगत होत्या. एकदाच बघितलं. दुसऱ्यांदा बघवेना.

जिनं ताईला नेलं ती ही गाठ. हिच्यावर कुठलंही औषध चालावं म्हणून मी तेव्हा वाटेल ते केलं असतं. आता चाललं, तर मी दुपारभर बसून 'गो'चे नवे फ्लास्क भरत होते. गरज नव्हती. इनक्युबेटरमध्ये जागासुद्धा नव्हती, शेजाऱ्याच्या खणात घुसवले.

६ मे

नवीनच कटकट. शोधनिबंध छापायचा तर पेशी कुणाच्या याचा पुरावा द्या म्हणतात. म्हणजे पेशींची ओळख-तपासणी, माणसांचे बोटांचे ठसे घेतात तसली. हल्ली सगळ्यांनाच करावी लागते, शेजाऱ्यानं घोड्याची कधीच करून घेतलीये.

"पाठवूया बाई," तो म्हणाला. आवाज उगाच मऊ.

"माझ्या बहिणीची ओळख मला पटवून देणारे हे कोण?"

"छापायचं नसेल तर राहू द्या."

एवढं बोलून तो आपल्या फ्लास्ककडे वळला. तो वाद घालत नाही तेव्हा मला जास्त राग येतो. नमुना भरून दिला त्याच्यासमोर टेबलावर आपटून. पाठवा म्हटलं, हौस फिटू दे.

३ जून

अहवाल आला.

'गो' या नमुन्यातल्या पेशी घोड्याच्या आहेत. सगळ्या खुणा जुळतात. ताईच्या पेशी त्यात नाहीत.

४ जून

अशा गोष्टी ऐकून होते. दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांत होतात म्हणून हसलेही होते. पूर्वी आम्हां दोघांत एकच हूड होता, ज्यात पंख्याची स्वच्छ हवा सोडून पेशींचं काम करतात तो. सकाळी तो, दुपारी मी. खाद्याची बाटलीही कधी कधी एकच. एक थेंब उडायला काय लागतं? त्या थेंबात घोड्याच्या चार पेशी असल्या तरी पुरे. दोघी एका फ्लास्कमध्ये राहायला लागल्या की जी जोरात वाढते ती जागा धरते, दुसरीला खायला उरत नाही. 'नंतर वेग धरला' असं मी फेब्रुवारीत लिहिलंय. तो वेग ताईनं धरलाच नव्हता. तिला कधीच ढकलून बाहेर काढलं होतं, आणि मी खाद्य घालत होते दुसऱ्याच कुणाला तरी. वेळेवर.

शेजाऱ्याला तो आलेख बघूनच कळलं होतं. "मला वाटलं, माझं चुकत असेल तर बरं," म्हणाला. थेंब त्याच्या हातचा की माझ्या, हा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

आज दुसऱ्यांदा गेली ताई. मागच्या वेळी निदान सगळे होते.

२१ जून

भाऊजींना कसं सांगू?

इतकी वर्षं हा माणूस दोन बस बदलून येतो, चष्मा काढतो आणि भलत्याच बाईच्या पेशी बघून 'बरं चाललंय' म्हणतो. हे त्यांना कळलं तर त्यांचे सगळेच वाढदिवस खोटे ठरतात. नाही सांगितलं तर पुढच्या एप्रिलला मला पुन्हा खुर्ची पुसावी लागेल.

आज त्यांच्या घरी गेले. सांगायचं म्हणूनच गेले होते. त्यांनी दार उघडलं, चहा टाकला, आणि मी बसल्या बसल्या त्यांच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ बघत राहिले. अजून पुढेच लावलेलं आहे. ताईला वेळेवर बाहेर काढायला ते पुढे लावून ठेवायचे. तिला ते माहीत होतं, त्यामुळे तेवढा हिशेब धरून ती आणखी उशीर करायची.

"काही झालंय का?" भाऊजींनी विचारलं.

"नाही. सहज आले."

"तू सहज कधी येतेस?"

सांगितलं नाही. बिस्किट खाऊन परत आले.

५ जुलै

पहिली कुपी!

कशी विसरले मी? द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत, अगदी तळच्या खणात, ताईच्या पेशी पहिल्यांदा गोठवल्या तेव्हाची एक कुपी आहे. एक हूड दोघांत वापरायची वेळ आली त्याच्याही आधीची. असली तर तिच्यात ताईच असेल. आज झाकण उघडून वाफेत हात घालून बघितलं. आहे. अक्षर माझंच, तरुणपणीचं, गोल गोल.

पण एकच आहे. आणि अशा जुन्या पेशी वितळवल्यावर जाग्या होतीलच असं नाही. उघडली आणि काही उगवलं नाही, तर संपलं.

"न उघडता ठेवली तर?" शेजारी म्हणाला.

"तर ती आहे असं समजून जगता येईल."

"तेही काही वाईट नाही हो बाई."

नाही वाईट. मी तेच करत आलेय.

१५ जुलै

उघडली.

शेजाऱ्यानं आधी काय केलं ते लिहून ठेवते. घोड्याचे सगळे फ्लास्क उचलून पलीकडच्या खोलीत नेले, हूड पुसून घेतला, माझ्यासाठी खाद्याच्या नव्या, न फोडलेल्या बाटल्या आणून ठेवल्या. "घोडा दुसऱ्या तबेल्यात बांधलाय," म्हणाला, "मीसुद्धा इकडे फिरकणार नाही." मग स्वतः दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

कोमट पाण्यात कुपी हलवत धरायची, आत बर्फाचा कण उरला की काढायची. मग खाद्य थेंब थेंब घालायचं. एकदम घातलं तर पेशी फुटतात. माझे हात या कामात एरवी भराभर चालतात. आज एक थेंब पडला की मी थांबत होते, तो मिसळला की दुसरा. ताई दाणे मांडायची, तसं काहीसं.

फ्लास्क इनक्युबेटरमध्ये आडवा ठेवला. आता हलवायचा नाही.

१९ जुलै

काही नाही. तरंगणारा कचरा.

२३ जुलै

काही नाही. निम्मं खाद्य बदललं. टाकून दिलेलं पाणीसुद्धा तपासलं.

३१ जुलै

शेजारी हल्ली आत येत नाही, दारातूनच भुवया उंचावतो. मी मान हलवते. आज भुवयासुद्धा नाही उंचावल्या त्यानं. बिचाऱ्याला विचारायची भीती वाटायला लागलीये.

मला तर वाट बघता येतच नाही. बस आली नाही तर मी चालायला लागते. पण इथून चालत कुठे जाणार?

९ ऑगस्ट

आली.

डाव्या बाजूला, अगदी कडेला, तळाशी चिकटून चार-पाच पेशी. लांबट, अंग पसरून बसलेल्या, एकमेकींपासून जरा अंतर राखून. आधी ओरखडा वाटला. फ्लास्क फिरवून बघितला, तर एक मधोमध आवळलेली, दोन व्हायच्या बेतात. घोड्याला एवढ्या वेळात दहा फ्लास्क लागले असते, आणि हिचं अजून एकाचे दोन करण्याचं चाललंय, तेही सावकाश, रिबन पुन्हा सोडून बांधल्यासारखं.

ही ताई आहे. अहवाल यायचाय, पण मला सांगा कुणी की नाही म्हणून!

शेजाऱ्याला हाक मारली. तो दारातच थांबला. "या हो आत," म्हटलं, "हात खिशात घालून या." त्यानं खरंच खिशात घातले. बघितलं, आणि बराच वेळ मान वर काढली नाही. नंतर चष्मा पुसत बसला. मीही माझा पुसला.

१७ सप्टेंबर

अहवाल. या पेशी घोड्याच्या नाहीत. माझ्या गालाच्या आतून कापूस फिरवून तोही सोबत पाठवला होता, ताडून बघायला. लिहिलंय, 'नमुना देणारी व्यक्ती आणि या पेशी ज्या व्यक्तीच्या, त्या दोघी सख्ख्या बहिणी असण्याची दाट शक्यता.'

दाट शक्यता म्हणे! आईला दाखवायला हवा होता हा कागद.

२० सप्टेंबर

भाऊजींना बोलावलं. वाढदिवस नसताना बोलावलं, म्हणून घाबरूनच आले. मी ठरवलं होतं, आधी सगळं सांगायचं, मग दाखवायचं. उभ्यानंच सांगून टाकलं. थेंब, घोडा, इतकी वर्षं, सगळं. सांगताना मला रडू आलं आणि मग ते थांबेना.

भाऊजी ऐकून घेत होते. त्यांनी कोटाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"मला त्यात ती कधीच दिसली नाही, धाकटे," म्हणाले.

"म्हणजे?"

"पहिल्या एक-दोन वर्षी दिसली. म्हणजे मला तसं वाटलं, मला यातलं काय कळतंय? नंतर नुसती गर्दीच. तिचं म्हणावं असं काही मला दिसेना त्यात."

"मग बोलला का नाहीत?"

"तू खुर्ची पुसून ठेवायचीस. सकाळपासून वाट बघत बसलेली असायचीस. मी म्हटलं, वर्षातला हा एक दिवस तरी हिला बरा जातो, जाऊ दे. दोन बस बदलायला मला काय होतंय?"

आणि मी म्हणत होते, त्यांच्यासाठी.

मग ते बसले, चष्मा काढला, वाकले. पेशी आता थोड्या वाढल्यात, पण थोड्याच. बराच वेळ झाला तरी ते उठेनात. पाठ दुखेल म्हणून मी हात लावला, तर म्हणाले, "थांब गं. सगळ्यात घाई तुझी."

आणि नंतर, डोळा न काढताच, "ही बघ, कडेला उभी राहिलीये. गर्दी ओसरायची वाट बघत."

चहा करायला मी बाहेर गेले आणि मुद्दाम उशीर लावला.

निघताना त्यांनी विचारलं, "ते डाळिंबाचं औषध घातलंस का हिला?"

"औषध नाही ते अजून. आणि नाही घातलं."

"घालणारेस ना?"

मी कपबश्या गोळा करायला लागले.

"धाकटे, ती स्वतः दवाखान्यात उशिरा गेली. बघू, पुढच्या आठवड्यात बघू, असं करत. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आला असतात तर. त्यावर तिनं काय केलं, आठवतं? हसली. मला अजून त्या हसण्याचा राग येतो." कोट घालता घालता थांबले. "तुकडा दिला तेव्हा तिला ठाऊक होतं कशासाठी देतेय. तू नको उशीर करूस. तो तिचा प्रांत."

१४ ऑक्टोबर

पेशी पुरेशा झाल्या की आधी थोड्या गोठवायच्या, हे ठरलंच होतं. आज नव्या कुप्या टाकीत ठेवल्या, वेगळ्या खणात, घोड्यापासून लांब. कुपीवर 'गो' लिहिलं. अक्षर आता गोल येत नाही.

उरलेल्या वाढवतेय. प्लेट भरेल एवढ्या व्हायला नोव्हेंबर उजाडणार. शेजारी म्हणतो, तुम्ही निवृत्त व्हाल आणि ही अजून तयार होत असेल. नवीन काय आहे त्यात?

२६ नोव्हेंबर

प्लेट लावली. पूर्ण मात्रा, शून्य न चुकवता. बुडबुडा आला तो सुईनं फोडला. इनक्युबेटरचं दार दोनदा ओढून बघितलं. पिवळसर थेंब पडताना मी मनात म्हणत होते, घे ताई, तुझी अर्धी ओळ.

द्रव्य हिच्यावर चालेल का? मला खरंच माहीत नाही. सावकाश वाढणाऱ्या पेशींवर अशी द्रव्यं कमी चालतात बऱ्याचदा. चाललं तर हवंय मला. नाही चाललं तर मला वाईट वाटेल, आणि थोडं बरंही वाटेल, आणि हे दोन्ही मी आता लपवत बसणार नाही.

३० नोव्हेंबर

शेवटचा दिवस.

टेबल रिकामं केलं. किल्ली शेजाऱ्याकडे दिली. प्लेट अजून इनक्युबेटरमध्येच आहे. घोडा असता तर आज मोजून झालं असतं. हिला आणखी आठवडाभर द्यावा लागणार, म्हणजे मोजायला मी नसेन. शेजारी मोजणार. हात धुऊन, नवा कोट घालून, घोड्याकडे जायच्या आधी, असं त्याच्याकडून तीन वेळा वदवून घेतलं.

"काय येईल ते मी फोन करून सांगतो बाई. तसंच्या तसं."

"गोड करून सांगू नका."

"तुमच्याशी गोड बोलायची सवय कुठे आहे मला?"

एवढं बोलून त्याला आपल्या टेबलावर काहीतरी फार महत्त्वाचं शोधायचं होतं, म्हणून तो पाठ करून उभा राहिला.

मी इनक्युबेटरपाशी गेले. दार उघडलं नाही, उगाच थंड हवा आत जाते. नुसता तळहात ठेवला. कोमट होतं. आत तिचं सावकाश काय चाललंय ते चाललं होतं.

"मी चालले गं!" म्हटलं, मोठ्यानं, शेजाऱ्यालाही ऐकू जाईल असं.

पिशवी उचलली, तरातरा बाहेर आले, बोळातून सरळ जिन्याच्या कोपऱ्यापर्यंत गेले.

आणि तिथे थांबले.